हिरव्या शाईचे काकपद

नगरा, झाँसी
१२ फेब्रुवारी २०२४

ती. नीलकंठदादास,
कमलचा सा. न. वि. वि.

तुझे कान गेल्यापासून फोनवर ओरडणे मी सोडले, म्हणून बातमी टपालाने. बातमी वाईट आहे, बसून वाच.

गुरुवारी सकाळी शेजारच्या संकेतच्या गोदामातून पाण्यासारखे काहीतरी वाहत माझ्या मागच्या दारापर्यंत आले. कामाला आलेल्या शकुंतलाने फडके घेऊन उघड्या हाताने पुसून काढले, हात धुतले, कपडे वाळत घातले आणि घरी गेली. ना फोड, ना लाली. संध्याकाळी तिची मुलगी दिशा धावत आली की अम्मा हात धरून लोळते आहे, हाडात कुणी खिळे ठोकत असल्यासारखी ओरडते आहे. तेव्हापासून ती इस्पितळात आहे. डॉक्टर म्हणतात की तेजाबाचे भाजणे आहे, पण तेजाब कुठले ते कळेपर्यंत औषध अंदाजानेच चालायचे. संकेतला विचारले तर त्याने हात जोडले आणि ते टाइल धोने का पानी असल्याचे सांगितले. इतका नम्र माणूस खोटेही किती नम्रपणे बोलतो.

गोदामात काय काय ठेवले आहे त्याची यादी परवान्याच्या फाइलीत असते, म्हणून शुक्रवारीच त्या कचेरीत गेले. बाबू म्हणाला, फाइल आहे, पण दाखवणे त्याच्या हातात नाही. अर्ज द्या, तीस दिवस लागतील. अर्ज दिला. तीस दिवसांत एका बाईच्या बोटांचे काय होईल ते तूच ठरव, असे मी त्याला सांगितले. तो पान चघळत होता. ठरवण्याची त्याला घाई नव्हती.

तू जन्मभर त्या खुर्चीच्या पलीकडे बसलास. आत कसे शिरायचे ते सांग.

वहिनीस नमस्कार. माया आहेच, तिच्याबरोबर या वेळी थोडी अक्कलही पाठव.
तुझी,
कमल

नागपूर
१६ फेब्रुवारी २०२४

चि. कमल हिस,
नीलकंठचे अ. आ.

पत्र काल संध्याकाळी मिळाले. चाळीस वर्षे मुलींना बाकावर उभे करणारी तू, तुला एका बाबूने बाकावर बसवून ठेवले, हे वाचून एरवी मी हसलो असतो.

आता नीट वाच. तीस दिवस सगळ्यांना असतात. माहिती कुणाच्या जिवाशी संबंधित असेल, तर ती अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते. माहिती अधिकाराच्या कायद्यातच तसे आहे. नवा अर्ज कर, पहिल्याच ओळीत हे लिही, डॉक्टरांची चिठ्ठी जोड आणि पोच घे. पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नकोस.

ते उत्तर देतील की माहिती तृतीय पक्षाची आहे, त्याची संमती मागवली आहे. हे वाक्य मला पाठ आहे, कारण नोकरीत मी ते स्वतः किती वेळा लिहिले याची मोजदाद नाही. फार सोयीचे वाक्य असते ते. माणसाला नाही म्हणावे लागत नाही आणि काही द्यावेही लागत नाही. तसे उत्तर आले की त्याच दिवशी वरच्या अधिकाऱ्याकडे अपील कर.

शकुंतलेच्या हातचे थालीपीठ अजून जिभेवर आहे. तिला माझे आशीर्वाद सांग. तू चिडत राहा, पण जेवत जा.
तुझा,
दादा

नगरा, झाँसी
२४ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
कमलचा सा. न.

तुझे वाक्य आले, शब्दशः. माहिती तृतीय पक्षाची आहे. तो पक्ष म्हणजे संकेत. शकुंतला कितवा पक्ष, ते कागदावर लिहिलेले नाही.

मंगळवारी तिच्या उजव्या हाताची चार बोटे काढली. डाव्या हाताची दोन नखे गेली, तो हात वाचेल म्हणतात. अंगठ्याने फडके धरले नव्हते बहुतेक, म्हणून अंगठा राहिला. दिशाचा बी.एस्सी.चा पेपर त्याच दिवशी होता. तिने दिला नाही.

मी शकुंतलेला सही करायला शिकवले होते, तुला आठवते? माझ्याच जेवणाच्या टेबलावर. तिच्या नावातल्या जोडाक्षरापाशी पेन्सिल अडायची आणि ती म्हणायची की बापाने सीता नाव ठेवले असते तर मैडमजी इतके कष्ट पडले नसते. तीन महिने लागले. बँकेत पहिल्यांदा सही केली तेव्हा पेढे घेऊन आली होती.

अपील केले आहे. रोज जाते. आता पाणीवालासुद्धा मला पाहून खुर्ची सरकवतो. मला खुर्ची नको आहे.

आशीर्वाद असू दे, राग माझा मी सांभाळते.
कमल

नगरा, झाँसी
६ मार्च २०२४

ती. दादास,
सा. न.

काल फाइल पाहायला मिळाली. सव्विसाव्या दिवशी.

आत एकच पान कामाचे होते. गोदामात काय ठेवणार त्याची इंग्रजीत टाइप केलेली यादी, अकरा नावे, आणि खाली हिंदीत शेजाऱ्यांची हरकत नसल्याबद्दल तीन सह्या. सातवे नाव हायड्रोफ्लुओरिक ॲसिड. काच आणि दगड साफ करायला वापरतात म्हणे. ते नाव घेऊन मी थेट डॉक्टरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून ठेवला. हे कातडीवर दिसत नाही, आत हाडापर्यंत जाते, म्हणाले. त्यावर कॅल्शियमचे औषध असते. पहिल्या दिवशी नाव कळले असते तर बोटे बहुधा राहिली असती.

दादा, त्या सातव्या नावाच्या स्पेलिंगमध्ये टाइप करणाऱ्याकडून एक यू राहून गेला होता. कुणीतरी खाली काकपद काढून वर तो यू घातला आहे. बारीक, नेटका, एका बाजूला किंचित वाकलेला. हे काकपद कॉन्व्हेंटच्या सिस्टरने पट्टी मारून मला शिकवले आणि मी चाळीस वर्षे मुलींच्या वह्यांत काढले. बाबूने पान पुढे सरकवले तेव्हा सह्या मी पाहिल्याच नाहीत, त्याआधीच मला कळले होते.

तिसरी सही माझी आहे. तारीख ६ नोव्हेंबर २०२१, भाऊबीज. संकेत मिठाईचा डबा आणि हा कागद घेऊन आला होता, पाया पडला होता. दुकानाच्या परवान्याचे काहीतरी आहे, एवढे मी ऐकले. मी स्पेलिंग वाचले, दादा. शब्द वाचलाच नाही.

शाई हिरवी आहे.

आज आणखी लिहवत नाही.
कमल

नागपूर
१० मार्च २०२४

चि. कमल हिस,
अ. आ.

हिरवे पेन माझे होते.

तू मुद्दाम विचारले नाहीस, पण त्या एका ओळीसाठी तू हे पत्र लिहिलेस, हे मला समजते. निवृत्त झालो तरी साहेबी शाई खिशातून गेली नव्हती. ओवाळणी झाली होती, मी तुझ्या ओसरीत चहा पीत होतो. तू हात पुढे केलास, मी पेन दिले. कागद डोळ्यांसमोरून गेला. वरचा मथळा मी पाहिला होता, कमल. गोदाम, साठा, ज्वालाग्राही व घातक पदार्थ. असले कागद मी जन्मभर हाताळले. त्या दिवशी मी सुट्टीवर होतो, आणि तो मुलगा माझ्याही पाया पडला होता.

सोबत माझा जबाब सहीनिशी जोडला आहे. चौकशी लागली की दे. तुला ठीक वाटले तरच, असे लिहिणार होतो. तसे लिहीत नाही. दे.

तुझ्या वहिनीला सांगितले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबर केले तिने.
दादा

नगरा, झाँसी
२१ मार्च २०२४

ती. दादास,
कमलचा नमस्कार.

तुझा जबाब पोचला. त्यावर तू निळ्या शाईने सही केली आहेस, ते पाहिले.

मी आधी दिशाकडे गेले. पानाची शिक्क्याची नक्कल तिच्यापुढे ठेवली आणि बोलण्यासाठी घसा साफ केला. तिने यादीवरून बोट फिरवत आणले आणि सातव्या ओळीवर थांबवले. मी तपासलेल्या तिच्या वह्यांत हेच काकपद पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आहे. माझे बोलणे सुरू व्हायच्या आतच तिने वर पाहिले आणि विचारले की मैडमजी, उस दिन आपने पूरा नहीं पढ़ा था क्या. मी नाही म्हटले. तिने कागदाची घडी केली. ती रडली असती तर मला सोपे गेले असते.

काल त्याच कचेरीत चौकशी झाली. संकेतने वकील आणला होता, आणि हसऱ्या चेहऱ्याने त्याने माझ्या सहीकडे बोट दाखवले. मी म्हटले की हो, सही माझी आहे, जबाबात पहिली ओळ तीच लिहा. मग मी हट्ट धरला की शकुंतलेचा जबाब आणि ती यादी बाबूने मोठ्याने वाचावी, हिंदीत, सगळी. तो वैतागला, पण वाचली. सातव्या नावाला शकुंतलाने हात वर करून ते पुन्हा म्हणायला लावले. दोनदा. तिने ओठ हलवून पाहिले, तिला ते म्हणता आले नाही.

वाचून झाल्यावर बाबूने शाईचा पॅड सरकवला. शकुंतला ताठ बसून म्हणाली की तिला अंगठा नको, तिला सही येते. आणि पदराखालून उजवा हात बाहेर काढला. तिने त्या हाताकडे थोडा वेळ पाहिले, मग अंगठा पॅडवर टेकवला.

त्याखाली साक्षीदार म्हणून मी सही केली. या वेळी चार पाने वाचली, मागची बाजूसुद्धा.

माझ्यावरचा तुझा जीव कमी करू नकोस. मागायला तोंड उरलेले नाही, तरी मागते.
कमल