जावयाच्या आंघोळीचा बंब

५ ऑक्टोबर, रविवार
सासूबाईंचा बंब माळ्यावरून काढला. मी वरून सोडला, ह्यांनी खालून धरला. जरा लवकर सोडला. अंगठ्याला काही झालेलं नाही, उगाच लंगडतायत.
मोरीत गीझर बसवल्यापासून तांब्याचा बंब वर पडून होता. काळा ठिक्कर. मधल्या नळीत, जिथे निखारे टाकतात, तिथे उंदराचा संसार.
काढला कारण रुपाचा फोन. लग्नानंतरची पहिली दिवाळी, जावयाचा दिवाळसण आमच्याकडे. तर बाईसाहेब म्हणतात, "पाडव्याला दुपारी जेवायला येतो, संध्याकाळी परत दादरला."
म्हटलं, "आणि नरकचतुर्दशीची आंघोळ?"
"आई, निनादला काय सकाळी संडासाच्या लाईनीत उभं करू?"
स्वतः लग्नापर्यंत त्याच लाईनीत टमरेल घेऊन उभी होती. आता नवऱ्याला फोड येतील.
मी सरळ जावईबापूंनाच फोन लावला. (पुढे जा.बा. लिहीन, हात दुखतो.) म्हटलं, आमच्याकडे बंबाचं पाणी असतं, धुराचा वास येतो त्याला. ते एकदम खूश. "मी बंब बघितलाच नाही कधी! आदल्या दिवशीच राहायला येतो."
आता रुपा काय म्हणते ते बघायचं. ती नाही म्हणाली तर ते एकटे थोडेच येणार.

८ ऑक्टो., बुधवार
चिंच, मीठ, राख. राख कुठली मिळायला, शेजारच्या इंदूवैनींच्या धुपाटण्यातली आणली. बाहेरून अर्धा बंब लख्ख निघाला. आतला पांढरा थर चिंचेच्या पाण्यात भिजत घातला.
नळीत बांबूला काथ्या बांधून घुसळलं. काजळी उडाली ती थेट गॅलरीत इंदूवैनींच्या चादरीवर. पांढरी चादर.
"अगो, माका सांगान तरी उडव!"
चादर मीच धुतली. तरी संध्याकाळपर्यंत भिंतीला ऐकवत होत्या.

१० ऑक्टो., शुक्रवार
झालं. वाट लागली.
धूर नीट वर जातो का तेवढंच बघायचं होतं. पाणी सकाळीच येतं, पिंपातलं कशाला घालवा? म्हटलं दोन निखारे टाकू, बघू, विझवू. करवंट्याही टाकल्या. धूर छान गेला. मी छान म्हणते तोच टण्ण. तोटी खाली.
रिकामा बंब पेटवायचा नसतो, हे ह्या घरात आल्यावर पहिलं काय शिकवलं असेल सासूबाईंनी तर हे. पाणी नसेल तर जोड वितळतात. मला पाठ आहे. रुपाला मीच सतरांदा ओरडलेय.
हे पेपराच्या आडून म्हणाले, "पाणी?"
म्हटलं, "प्यायला हवंय का?"
पेपर आणखी वर गेला.

११ ऑक्टो., शनिवार
लालबागचा भांडीवाला म्हणतो, "आता हे कोण झाळून जोडत नाय मावशी. शोसाठी ठेवा. वर मनीप्लांट लावा." त्याच्या डोक्यावर लावीन म्हटलं मनीप्लांट.
गिरगावात एक कासार आहेत असं कळलं. टॅक्सी केली. ड्रायव्हर विचारतो, रॉकेट है क्या? बंब मांडीवर धरून बसले.
कासारांनी तोटीची जागा बघितली, माझ्याकडे बघितलं.
"कोरडा पेटवलात?"
"जुना झालाय तो."
"जुना झाला की गळतो. तोटी गळून पडत नाही."
मी रस्त्याकडे बघत राहिले. गुरुवारी देतो म्हणाले.

१२ ऑक्टो., रविवार
रुपा: "बंब झाला का साफ?"
मी: "चकाचक."
बंब गिरगावात. देव बघतोय, बघू दे.
राहायला येण्याचं विचारलं तर म्हणे, "बघते." तिच्या बघतेचा अर्थ मला माहिताय. लहानपणी अभ्यासाला बस म्हटलं की हेच.

१६ ऑक्टो., गुरुवार
बंब आणला. जोड मजबूत, पण झाळताना खालची बाजू परत काळी. नेटाने घासायला बसले आणि जा.बा. दारात! ऑफिस आमच्या डिलाईल रोडच्या मागेच, गिरणीच्या जागेतल्या काचेच्या बिल्डिंगमध्ये. रुपाला न सांगता आले होते, बंब बघायला.
बॅग ठेवली, बाह्या वर केल्या, चिंचेचा गोळा उचलला. मी नको नको म्हणेपर्यंत बसलेसुद्धा. इंदूवैनी लगेच दारात. "जावयाक कामाक लावलंन!" अख्ख्या मजल्याला कळलं.
जा.बा. तोटीकडे बघून म्हणतात, "ही नवी बसवलीय का? कशी काय निघाली?"
म्हटलं, "तुम्ही घासा."
हसले. मग घासता घासता खाली मान घालून म्हणाले, "रुपाला लाईनीचं काही नाहीये. ती सांगते, दर दिवाळीला आई अंधारात उठून अख्ख्या मजल्याला बादल्या काढून द्यायची. आणि आईची पाळी आली की निखारे विझलेले. कोमट पाण्याने आंघोळ. आम्ही आलो की तुम्ही परत तेच करणार, ते तिला बघवत नाही."
माझ्या कधी डोक्यात पण नाही आलं. सगळ्यांचं झाल्याशिवाय कुठली बाई आंघोळीला बसते? सासूबाई पण कोमट पाण्यानेच करायच्या.
म्हटलं, "कडेने घासा, मधेच चाललंय तुमचं."

१७ ऑक्टो., शुक्रवार
रुपाचा फोन, सकाळी सकाळी.
"त्याला घासायला लावलंस?"
"तोच बसला." जावयाला तो म्हटलं. तोंडातून गेलं.
"येऊ आम्ही राहायला. पण पहिली आंघोळ तू करायची. कढत पाण्याने. मी तेल लावणार."
"येड लागलंय? जावयाच्या आधी सासू? मजला हसेल."
"मग नाही येत."
फोन ठेवला. हट्टी कार्टी. कुणावर गेलीय...
ह्यांना सांगितलं. हे म्हणतात, "तुझ्यावर."

१८ ऑक्टो., शनिवार
आज बंब आधी काठोकाठ भरला, मग पेटवला. इंदूवैनींना चादरी काढायला सांगून. तोटीखाली पेपर पसरून बसले. पेपर कोरडा. एक थेंब नाही!
पहिली बादली काढली, हात घातला. चटका. सासूबाईंच्या वेळेसारखं.
इंदूवैनींना विचारलं, जावयाच्या आधी मी न्हाले तर काय होईल?
"काय होतला? मी हसतलंय. मगे उद्यापासून मी पण पयली बसतलंय."

१९ ऑक्टो., रविवार, संध्याकाळ
रुपाला सकाळी फोन केला. म्हटलं, या. म्हणाली, "आणि अट?" म्हटलं, आधी या तर, बघते. ती हसली. म्हणे, तुझ्या बघतेचा अर्थ मला माहिताय.
फराळ डब्यात. उटणं भिजवायचंय. बंब भरून ठेवलाय, निखाऱ्यांची तयारी झालीय. काडेपेटी पदराला बांधलीय, पाणी बघितल्याशिवाय सुटायची नाही.
मेसेज आला, दादरहून निघाले.
पाट दोनच घासणार होते. तिसरा पण घासला, माझा, जुना. सगळ्यांत पुढे ठेवला. मग मागे ठेवला. आता परत पुढे आहे. हे बघतायत पेपराच्या आडून.
जिन्यात रुपाचा आवाज. हा पाट कुठे...