नावाला ओ

प्रिय भाविका,

फोन केला तर मी भांडेन नाहीतर रडेन, आणि तुझ्या मागे सासूबाई उभ्या असतील. म्हणून आपलं कागदावर. मुरबाडात सगळं जिथल्या तिथे आहे. तुझी खुर्ची सकुबाईने बळकावली. दिवसभर आपल्या अंकाला टाचण्या मारते आणि जगाला नावं ठेवते.

परवा स्टँडवरच्या दुकानात बायकांच्या मासिकाचा नवा अंक टांगलेला दिसला. वर तीच पैठणीतली नवरी, आत सासूचं मन जिंकायच्या युक्त्या. अशाच एका अंकातला 'पावसाळ्यात पायांची निगा' हा लेख तू भातलावणीच्या बायकांना बांधावर वाचून दाखवला होतास. गुलाबपाण्यात पाय बुडवून बसा म्हणे! चिखल्यांनी बोटांची कातडी सोललेल्या त्या बायका हसून हसून खाली बसल्या. तिथेच आपण स्वतःचा अंक काढायचं ठरवलं. पहिला लेख तुझा, 'चिखल्या'.

अंकाचं नाव 'ओ' ठेवलं तेही तूच. लिहिणारीचं आईबापांनी ठेवलेलं नाव छापायचं, वाचनाच्या दिवशी ते मोठ्याने पुकारायचं, आणि तिने ओ द्यायची. त्या लावणीच्या बायकांतलीच सकुबाई ही लग्नाआधीची भिमा. तिने सांगितलेला मजकूर छापला, तेव्हा म्हसा गावातल्या वाचनात तू 'भिमा' असं पुकारलंस. ती दाराकडे बघत म्हणाली, "माझी आय आली का काय गो?" आपण दोघी किती रडलो होतो, आठवतं?

मग तुझं लग्न. ताटातल्या तांदळात मनोजरावांनी अंगठीने 'मनाली' लिहिलं. मनोजला जुळणारं, ऐकायला गोड. पेढा माझ्याही हातावर आला. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी डोळा मारला. मला वाटलं, तांदूळच ते, ताट हलवलं की संपलं.

किन्हवलीहून तुझा लेख आला तेव्हा तर मी नाचले. 'मनाली, मनाली' अशा हाका येतात, तू भात ढवळत राहतेस, आणि सासूबाई शेजारणीला सांगतात, सून गुणाची आहे, पण कानाने अधू. अगं, पोट दुखेपर्यंत हसले मी. सकुबाई मात्र हसली नाही. "व्हईल सवय," एवढंच म्हणाली. मला तिचा असा राग आला!

आणि मग तुझा मेसेज. लेख छाप, नाव काढ, घरात चालत नाही. खाली 'मनाली'. मला गं कशाला ते नाव लिहायचं? नंबर तर तुझाच होता.

अंक छापून आलाय. नाव काढलंय, तेवढं सांगायला हे पत्र. रविवारी वाचन आहे. तुझा लेख मीच वाचेन, पण शेवटी पुकारायला काही नाही. तुझ्यावर रागवावं असं खूप वाटतं आणि जमत नाही, नुसतं रडू येतं. हल्ली पहिल्या हाकेला वळतेस का, ते मात्र मला कळवू नकोस. पाकिटावर मी आधी 'भाविका' लिहिलं होतं. सकुबाईने विचारलं, "त्या नावाची तिथं कोन हाय का? मग पोचेल कसं?" मी दुसरं पाकीट घेतलं आणि त्यावर 'सौ. मनाली' लिहिलं.

तुझीच,
माधुरी