हमीदसाठी राखलेली खोली

प्रिय अग्रजमहाशय, अर्थात दादा,

साष्टांग आणि साशंक नमस्कार!

काल खाडीकाठी तुझा दहावा झाला. पिंड मांडला आणि नेरूळचा समस्त काकवृंद अंतर्धान पावला! एकच आला, तोही दूर कुंपणावर बसून राहिला. म्हणून हा पत्रप्रपंच. तुझा जीव कशात गुंतला होता, याविषयी मला पूर्वीपासून गंभीर संशय होते.

मी तुझ्या मुलाच्या शिक्षणाचे वचन दिले, मामांनी मुलीच्या विवाहाचे. पक्षिराज ढिम्म. अखेर वहिनी हात जोडून हळूच म्हणाली, "हमीदभाईंची खोली कुणाला देणार नाही." तत्क्षणी कावळा झेपावला.

कोण हा हमीद?

दादा, तू नोकरीला होतास त्या कुवेतवर इराकचे आक्रमण झाले तेव्हा इथे आम्ही रॉकेलच्या रांगेत राजनीतीचे निरूपण करत होतो. तू अम्मानहून विमानाने परतलास, ते एक कापडी पिशवी घेऊन. सोसायटीच्या सचिवांनी मला जिन्यात गाठून, सोने कुठे दडवले म्हणून पृच्छा केली. मला त्यांच्या क्षुद्र बुद्धीची कीव आली. माझा तर्क उदात्त होता: तिकडे द्वितीय विवाह! अन्यथा मागच्या खोलीत गादी घालून ती सदैव कुलूपबंद का? मी मुक्कामाला आलो की सख्ख्या अनुजाला सतरंजीवर शयन का?

काल परतताना वहिनीने सांगितले. हमीद तुमच्या कंपनीचा ड्रायव्हर, दापोलीकडचा. जॉर्डनच्या सीमेकडे निघालेल्या बसमध्ये त्याला जागा मिळाली होती, तुला नव्हती. तू तापाने फणफणलेला. तेव्हा तो म्हणाला,

"दादा, तुमी व्हा पुढं. मी मागच्या बसनं येतो."

तू त्याच्याकडून नेरूळचा पत्ता पाठ करून घेतलास. आधी माझ्याकडे उतर, मग गावी जा, अशी आज्ञाही केलीस.

तो काही आला नाही. पुढे जानेवारीत तिकडे बॉम्बवर्षाव सुरू झाला. आम्ही दूरदर्शनपुढे शेंगदाणे भक्षण करत युद्ध पाहिले. तू उठून आत गेलास. त्याचाही मी भलताच अर्थ लावला!

पण एक विचारू? दापोली काही सप्तसमुद्रांपार नव्हती. वहिनीला गावाचे नावही ठाऊक आहे. मग तू एकदाही का गेला नाहीस? मला संशय आहे, तुला उत्तराचे भय होते. जोवर विचारले नाही, तोवर तो वाटेत होता. खरे ना?

तेरावा उरकला की पहिल्या एस.टी.ने मी जातो. हमीद भेटला, तर कान धरून त्याला वहिनीपुढे उभा करीन. न भेटला, तर त्याच्या आईसमोर बसेन आणि त्याच्या जागेवर बसून कोण घरी पोहोचला, ते सांगेन. त्या प्रसंगी माझ्या संस्कृत शब्दभांडारातला एकही शब्द उपयोगी पडणार नाही, हे जाणतो.

तरी जाईन, दादा. वचन.

तुझा संशयी अनुज,
श्रीधर