पाण्यातली तोफ आणि मामांची गाठ

आदरणीय मामा आणि मामींना भाचा कास्पारचा गुडघा टेकून नमस्कार. (एकच गुडघा. दुसरा का टेकत नाही, ते पुढे येईलच.) तुमची तब्येत, तुमचे कान आणि अंबोनच्या घरातली कबुतरं सगळी खुशाल असतील अशी आशा आहे. इकडे आई बरी आहे, म्हणजे रोज ओरडते. पत्र लिहायचं कारण असं की, फोनसाठी टेकडीवर चढावं लागतं. चढून कितीही ओरडलं तरी तुम्हाला ऐकू येत नाही, खालच्या सगळ्या गावाला मात्र येतं.

तुम्ही विचारलंत की नोकरी संपली, आता गावात येऊन राहावं का, आणि इथे पुढे भवितव्य काय आहे. मामा, भवितव्य इथे भरपूर शिल्लक आहे, कारण अजून कोणी वापरलेलंच नाही. जहाज ठरलेल्या दिवशी येतं, फक्त तो दिवस कोण ठरवतं ते कळत नाही. विजेचे खांब आले. साहेबही आले, त्यांनी फीत कापली, फोटो काढला, आणि तारा पुढच्या जहाजाने येतील असं सांगून गेले. सध्या त्या खांबांना आम्ही बकऱ्या बांधतो, तेव्हा योजना अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही. दवाखान्याला छान निळा रंग दिलाय, नर्सबाई मिळाल्या की दारही उघडेल. जेवणाची चंगळ आहे. सकाळी मासा आणि एनबाल कंदाची कडक भाकरी, संध्याकाळी बदल म्हणून एनबालची भाकरी आणि मासा. (आई म्हणते, मामाला लिही की कवळी घेऊनच ये, एनबाल काही त्याच्यासाठी मऊ झालेला नाही.) तुमच्या घराचं छत तर असं गळतं की पावसात अंगणात उभं राहिलेलं परवडतं. एकूण निवृत्त माणसाला जागा उत्तम आहे, पण घाई करू नका.

आता माझं भवितव्य. यूलिता तुम्हाला आठवत असेल, नाताळात चर्चमध्ये तुम्ही वरच्या पट्टीत गायला लागलात तेव्हा पहिल्या रांगेत खांदे हलवून हसत होती ती. तिचे वडील तोबियासकाका लग्नाला तयार झाले, पण रीतीप्रमाणे त्यांनी तोफ मागितली. मागणारच. पोरगी द्यायची आणि बदल्यात घरात जुनी पितळी तोफही यायची नाही, मग चारचौघांत तोंड कसं दाखवायचं? आपल्या घरातली एकुलती एक तोफ बाबांनी आईसाठी तुमच्या घरी दिली, आणि तुम्ही ती लगेच मामींच्या माहेरी पोचवलीत. (आपल्याकडच्या तोफांनी जेवढे संसार उभे केलेत, तेवढे पाद्रीबाबांनीही केले नसतील. उडाली मात्र एकही नाही.) म्हणजे मला तोफ हवी तर आधी माझ्या बहिणीने, आपल्या ऊर्सुलाने, तोफवाल्या घरात लग्न करायला हवं. मी तिला हे अगदी गोडीत समजावलं.

"तुला बायको हवी म्हणून मी नवरा करू?" ती म्हणाली. "जा, नारळाच्या ओंडक्याला भोक पाड आणि तोफ म्हणून घेऊन जा!"

तरी पलीकडच्या बेटावरचा मर्सेल आमच्याकडे दोनतीनदा जेवून गेला. होड्या बांधतो, बोलत काहीच नाही, आणि मुख्य म्हणजे घरात तोफ. ऊर्सुलाला विचारलं तर "बघू" म्हणाली. "बघू" म्हणजे हो, असा अर्थ मी लावला आणि मर्सेलच्या घरच्यांना निरोप धाडून दिला. ती मंडळी तोफ घेऊन, ढोल वाजवत, थेट आपल्या पुळणीसमोर होडी घेऊन आली. आणि आपल्या पुळणीसमोर काय आहे मामा? तिथे सासीची बंदी आहे. नाताळात तुम्ही चार दिवस पाहुणे आलात, पाणी तुमच्या घराण्याचं म्हणून लोकांनी तुम्हाला मान दिला, आणि तुम्ही भाषण ठोकून खांबाला नारळाची कोवळी झावळी बांधलीत. शंख मोठे होईपर्यंत या पाण्यात कोणी नांगर टाकायचा नाही, पाण्यातलं काही उचलायचं नाही. टाळ्या झाल्या, तुम्ही जहाजात बसलात, आणि जाताजाता मला राखणदार नेमून गेलात. पगार नाही, शिट्टी दिलीत.

तर राखणदार या नात्याने मी धावत पाण्यात गेलो, शिट्टी फुंकली आणि नांगर टाकू नका म्हणून दोन्ही हात हलवले. पाहुण्यांना वाटलं, काय हा नवरीचा भाऊ, स्वागताला कमरेएवढ्या पाण्यात आला! सगळेच्या सगळे होडीच्या एकाच बाजूला उभे राहून हात हलवायला लागले. होडी कलली. माणसं पोहत आली, ढोल तरंगत आले, तोफ आली नाही. तिला धरायला धावताना मी प्रवाळावर आपटलो आणि गुडघा फोडून घेतला, तो हा गुडघा.

लगेच सभा भरली, सगळं गाव जमलं. माझं म्हणणं साधं होतं की तोफ पोहत तिथे गेलेली नाही, पडलेली आहे, तर काढू द्या.

"सासीच्या पाण्यातलं काही उचलायचं नाही," सगळ्यात म्हातारे आजोबा म्हणाले.

"आजोबा, तोफ म्हणजे काय शंख आहे?"

"आज नाही. पण उद्या तिच्यावर शंख बसले तर?"

यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. शिवाय सासी मोडली की अंगावर काहीतरी उठतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. तेव्हा आता मी रोज शिट्टी घेऊन पुळणीवर बसतो आणि माझी तोफ मीच चोरत नाही ना यावर नजर ठेवतो. तोबियासकाकांनी मला ईस्टरपर्यंत मुदत दिली आहे. त्यानंतर यूलिताला दुकानदाराच्या मुलाकडे देणार, त्यांच्या ओटीवर दोन तोफा आहेत आणि दोन्ही कोरड्या. यूलिता हल्ली माझ्याकडे बघून हसत नाही मामा. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही, हे मात्र मी चेष्टेने लिहीत नाही.

असं आहे आपलं गाव. यायचं की नाही, तुम्हीच ठरवा.

तुमचा आज्ञाधारक आणि लंगडा,
कास्पार

ता. क. तुम्हीच ठरवा असं लिहिलं खरं, पण ते सौजन्य होतं. ज्याने झावळी बांधली त्यानेच ती सोडायची अशी रीत आहे, आणि बांधणारे तुम्ही. हात जोडतो मामा, ईस्टरच्या आधी या आणि ती गाठ सोडा.

ता. क. आणखी एक. छत तेवढं गळत नाही. खरं तर गळतच नाही. यूलिताला तुमची पडवी आवडली होती, म्हणून जरा वाढवून लिहिलं. तुम्ही या, आम्ही मागच्या खोलीत राहू.

ता. क. मामा, मी ऊर्सुला. पत्र जहाजावर द्यायला दादाने माझ्याकडे दिलं, पाकीट उघडंच होतं. तोफ पाण्यात नाही. सभा चालू होती तेव्हाच मर्सेलने बुडी मारून ती दोरीने ओढून काढली. मीच मर्सेलला म्हटलं, कोणाला सांगू नकोस, दादा तासाभरात ती तोबियासकाकांना देऊन मोकळा होईल आणि माझं लग्न लागलेलं असेल, मला अजून विचार करायचाय. तोफ आमच्या स्वयंपाकघरात सरपणाखाली आहे. दादा सरपणाला कधीच हात लावत नाही, त्यामुळे तिथे ती सुरक्षित आहे. पण मर्सेलच्या मानेवर भलंमोठं गळू उठलंय. तो ते सोसतोय, रोज जेवायला येतोय, आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही. माझा विचार करून झाला मामा. असा माणूस मला चालेल. म्हणून लवकर या, ते गळू वाढत चाललंय. तुम्ही आलात की तोफ आदल्या दिवशी गुपचूप पाण्यात सोडू, मग तुम्ही गाठ सोडा आणि दादाला सगळ्या गावासमोर ती शोधून काढू दे. फक्त ती वर आली की तोंडाचा आ करायला विसरू नका.