फुग्यांतला मजकूर कोणी बदलला?

दि. ३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र वाचण्याआधी चष्मा लाव आणि भाऊजींनाही हाक मार, कारण बातमी मोठी आहे. तुझा भाऊ समीक्षक झाला. हसू नकोस. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून मी घरात कुठेही बसलो तरी हिला नेमकं तिथेच झाडायचं असतं, म्हणून मी न्हाव्याच्या दुकानात जाऊन फुकटची वर्तमानपत्रं वाचत बसतो. परवा शेजारच्या खुर्चीत इथल्या दैनिकाचे संपादक दाढीला बसले होते. ते तोंडाला फेस असतानाच कुरकुरत होते. म्हणे, जुन्या ब्रिटिश विज्ञान-चित्रकथांचे संग्रहित खंड कोणीतरी नव्याने काढायला घेतलेत, पहिला खंड येऊन पडलाय, आणि परीक्षण लिहायला माणूस मिळत नाही. प्राध्यापक म्हणतात ही पोरांची पुस्तकं, आणि पोरं म्हणतात ही आजोबांची. मी तिथल्या तिथे सांगितलं की त्या ज्यात छापून यायच्या ती साप्ताहिकं मला लहानपणापासून पाठ आहेत. त्यांनी फेसासकट माझा हात धरला. आता दर रविवारी पुरवणीत माझं सदर.

खंड समोर आहे. उचलायला दोन हात लागतात. पण उघडला आणि मी पुन्हा सहा वर्षांचा होऊन तापाने अंथरुणाला खिळलो. बोटीवरचे काका प्रत्येक फेरीला आणायचे तो साप्ताहिकांचा गठ्ठा, उशाशी तू, आणि आपला हनुवटीवाला कप्तान. तू चित्रांतल्या माणसांच्या तोंडचे इंग्रजी फुगे वाचून लगेच मराठीत सांगायचीस, एकदाही न अडखळता. अकरा वर्षांच्या मुलीला ते कसं जमायचं, याचं मला आजही नवल वाटतं.

ताई, खरं सांगतो, निवृत्तीनंतर मला कोणी काही विचारेनासं झालं होतं. काल पेपरवाल्याने मला थांबवून सलाम केला.

भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद. समीक्षक झालो तरी माझे कान धरायचा तुझा हक्क तसाच आहे, तो गाजवत राहावा.

तुझा
ठोंब्या

दि. ९ जून

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून ऊर भरून आला. भाऊजींना दोनदा वाचून दाखवलं. ते सध्या शेजाऱ्यांचे बिघडलेले रेडिओ दुरुस्त करतात, म्हणजे रेडिओ बिघडलेलेच राहतात, पण शेजाऱ्यांचं येणं बंद झालंय. आपली लेक, दातांची डॉक्टर, म्हणाली, मामाने आता तरी दात दाखवायला यावं, समीक्षकाला ते लागतात.

एक सुचवू का? मोठी बहीण म्हणून सुचवते. परीक्षणात कागद कसा आहे, शिवण घट्ट आहे का, रंग उतरलेत का, असं लिहावं. पुस्तकाचं वजन तर तू छान वर्णन केलंयस, तेच वाढव. गोष्टीत कशाला शिरायचं? वाचणाऱ्याची मजा जाते. आणि लहानपणच्या आठवणींवर फार विसंबू नये रे. तुला तर शाळेचा पहिला दिवस आठवतो तोही चुकीचा, त्या दिवशी रडत मी होते.

शिवणीबद्दल नक्की लिही. प्रकृतीला जप आणि आमच्यावरचा जीव कमी करू नकोस.

तुझी
ताई

दि. १६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कात्रण सोबत पाठवतोय. शिवणीबद्दल एक वाक्य लिहिलंय, तुझा मान राखला. पण बाकी गप्प बसणं माझ्याच्याने झालं नाही. ताई, फसवणूक झाली आहे! चित्रं तीच आहेत, रेघन् रेघ तीच, पण फुग्यांतला मजकूर या लोकांनी पार बदलून टाकलाय.

त्या हिरव्या टकल्या लोकांना आठव. लग्नाचं बोलावणं पोचलं नाही म्हणून ते रुसून पृथ्वीवर आले होते. इथे ते चक्क जग जिंकायला आलेत. कप्तानाच्या यानातला जाडा आचारी, जो सदा सूपचा थर्मास घेऊन हिंडायचा, तो म्हणे अणुशास्त्राचा प्राध्यापक! आणि थर्मासात सूप नाही, स्फोटक आहे. सगळ्यात संतापजनक म्हणजे कप्तानाची मोठी बहीण. जी त्याला दर पानावर मफलर घालायला लावायची, तिला यांनी शत्रूची हेर केलंय. ती त्याच्या गळ्याला मफलर गुंडाळत नाहीये, गळा दाबतेय, असं खाली छापलंय. मी पुस्तक मिटून अंगणात दोन फेऱ्या मारल्या.

आणि शेवट! कप्तान घरी परततो आणि सगळं गाव आकाशात आतषबाजी करतं, ते पानभर चित्र मी जन्मात विसरणार नाही. इथे लिहिलंय की ते त्याचं यान फुटलं आणि तो गेला. डोळे असलेल्या कोणालाही ती आतषबाजी आहे हे दिसतं. मी स्पष्ट लिहिलं आहे की हा खंड म्हणजे वाचकांच्या डोळ्यांत धूळफेक आहे.

लोक रस्त्यात थांबवून शाबासकी देतायत. हिने काल मी बसलो होतो ती जागा सोडून झाडलं.

तुझ्या मायेचा वाटा मला नेहमीसारखाच जास्त मिळावा.

तुझा
ठोंब्या

दि. २१ जून

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

अरे, तू हे काय करून बसलास? आधी संपादकांना सांगून पुढच्या रविवारी काहीतरी मवाळ छापून घे. हिरवे लोक रुसले होते की चिडले होते, यात एवढा काय फरक आहे? पाहुण्यांचं कधीही काहीही होऊ शकतं. आणि तो जाडा माणूस प्राध्यापक असला तर असू दे ना, प्राध्यापकांना सूप आवडत नाही का?

तुला तेव्हा सणसणून ताप होता, हे विसरू नकोस. तापात माणसाला काहीही ऐकू येतं. एकदा तू मला आगगाडीचा गार्ड समजून तिकीट दाखवलं होतंस.

मला पत्र लिहिताना घाम येतोय आणि खिडकी तर उघडी आहे. भाऊजी विचारतायत काय झालं, मी सांगितलं उकाडा. तू तेवढं मवाळ छाप, बाबा, आणि मला कळव.

तुझी काळजी करण्याची सवय सुटत नाही ती
ताई

दि. २७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मवाळ छापायची वेळ निघून गेली. प्रकाशकाचं पत्र आलं. त्यात लिहिलंय की त्यांनी एक अक्षरही बदललेलं नाही, माझ्याकडे मूळ अंक असतील तर दाखवावेत, नाहीतर जाहीर माफी मागावी. संपादकांनी मला आत बोलावलं. बसा म्हणाले नाहीत, तेव्हाच ओळखलं. पुढच्या सोमवारपर्यंत मूळ अंक टेबलावर ठेवले तर पहिल्या पानावर छापू, नाही ठेवले तर माफी छापू आणि सदर बंद, असं त्यांनी सांगितलं.

मी हसलो, ताई! त्यांना वाटलं मी घाबरेन. मी सांगितलं की अख्खा गठ्ठा माझ्या बहिणीच्या माळ्यावर आहे, तिने लग्नानंतर स्वतःच्या ट्रंकेत घालून नेलाय. मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतोय. ट्रंक खाली काढून ठेव. भाऊजींना शिडीवर चढवू नकोस, ते शिडीही दुरुस्त करायला घेतील.

खरं तर मला प्रकाशकाची फजिती नकोय. फक्त कोणी मला खोटा म्हणू नये. एवढ्या वर्षांत ही एकच गोष्ट मला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होती.

शनिवारी दारात उभी राहा, म्हणजे सगळं पोचलं.

तुझा
ठोंब्या

दि. २९ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईला न सांगता लिहितेय. ओळखीच्या कंडक्टरच्या हाती देतेय, म्हणजे शनिवारच्या आत पोचेल. तू बस आणि मग वाच.

गठ्ठा माळ्यावर आहे. वाळवी नाही, उंदीर नाही, एक पान कमी नाही. आई काल दिवसभर तो मांडीवर घेऊन बसली होती. मामा, तुझ्या खंडात जे छापलंय तेच त्यात आहे. हिरवे लोक जग जिंकायलाच आलेत. जाडा माणूस प्राध्यापकच आहे.

आईला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं. तिच्या वर्गात नुकती कुठे मुळाक्षरं सुरू झाली होती. तू हट्ट करायचास म्हणून ती चित्रं बघून मनाला येईल ते सांगायची. मलाही लहानपणी तिने तेच सांगितलं, मफलरसकट. मी इंग्रजी शिकल्यावर गुपचूप वाचून पाहिलं आणि तिला कधी बोलले नाही. तिची गोष्ट जास्त चांगली होती.

शेवटच्या पानाचं मात्र वेगळं आहे, ते काल तिने रडत सांगितलं. त्या दुपारी डॉक्टर आले होते. बाहेरच्या खोलीत त्यांनी आजोबांना सांगितलं की आजची रात्र पार पडली तर पोरगा वाचेल, आणि हे दाराआड आईने ऐकलं. ती आत आली तर तू ते पान उघडून बसला होतास. यान फुटलंय हे कळायला इंग्रजी लागत नाही. तू विचारलंस, कप्तान घरी पोचला का. ती म्हणाली पोचला, बघ, आतषबाजी चाललीये.

तुला हे सांगितलं तर तू पुन्हा कधी तिच्याकडे येणार नाहीस, असं तिला वाटतंय. तुझं सदर जाईल हेही तिला कळतं, पण खरी भीती याचीच आहे. दात उपटताना मी पेशंटला सांगते की दुखेल पण थोडंच. तुला तसं सांगवत नाही.

रागावलास तर माझ्यावर रागाव, माझ्याकडे रोज रागावलेलेच लोक येतात.

तुझी
भाची

दि. ८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शनिवारी आलो नाही, त्याबद्दल दारात उभी राहून तू मला काय काय म्हणाली असशील ते इथे ऐकू आलं. आपल्या डॉक्टरने मला सगळं कळवलंय. तिला बोलू नकोस.

दोन दिवस मी गालाला हात लावून बसून होतो. हिने विचारलं, दाढ दुखतेय का. मला राग आला होता. एवढं वय झालं आणि मी अख्ख्या शहराला मफलर आणि सूप सांगत सुटलो, याची लाज वाटत होती. मग ते आतषबाजीचं पान पुन्हा उघडलं. खंडातल्या कागदावर यान फुटतंय, हे आता मलाही दिसलं. आणि मी लहान मुलासारखा रडलो, ताई. त्या रात्री तू किती घाबरली असशील, हे मला कधी कोणी सांगितलंच नाही.

सोमवारी संपादकांच्या टेबलावर माफीनामा ठेवला. त्यात लिहिलं की खंड मुळाबरहुकूम आहे, चूक परीक्षकाची आहे. त्यांनी विचारलं, मग तुम्ही वाचलं होतंत ते काय. मी सांगितलं की ती वेगळी आवृत्ती होती, एकच प्रत निघाली होती, आणि ती तोंडी होती. त्यांनी मान हलवली, पण सदर काढून घेतलं. ते आता ग्रंथपालांकडे गेलंय. पेपरवाला सलाम करत नाही. हिने मात्र परवा माझ्यासमोर खुर्ची आणून ठेवली आणि स्वतः दुसऱ्या खोलीत झाडायला गेली.

दुसरा खंड संपादकांकडे आधीच येऊन पडला होता, तो मी मागून घेतला. चार पानं इंग्रजीतून वाचली. फारच लोक मरतात त्यात. पुढे वाचायची इच्छा नाही. सोबत पाठवतोय. डॉक्टरला हात लावू देऊ नकोस. तू चित्रं बघ आणि काय काय झालं ते मला कळव.

गाडीचं वेळापत्रक मला पाठ आहे. तू हो म्हणालीस की निघतो.

तुझाच
ठोंब्या

दि. १५ जुलै

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हो. कधीही ये. विचारायचं काय त्यात, गाढवा.

खंड पोचला. पोस्टमनने तो दारात टेकवला आणि पाणी मागितलं. तुझं सदर माझ्यापायी गेलं, याचं मला फार वाईट वाटतंय, आणि ते वाटतच राहील. तुझं पत्र मी तांदळाच्या डब्यामागे ठेवलंय, तिथे भाऊजी काही दुरुस्त करायला जात नाहीत.

आता नीट लक्ष दे. पहिल्याच पानावर एक नवा माणूस आहे. तरुण, केस मागे वळवलेले. खाली त्याचं नाव छापलंय. मला आता इंग्रजी वाचता येतं, पण मी वाचलं नाही. तो एका घरात टेबलाशी बसलाय. मागे भिंतीवर काळ्या चौकटीत आपल्या कप्तानाचा फोटो आहे. डॉक्टर माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाली की असा फोटो गेलेल्या माणसाचा लावतात. मी तिला दवाखान्यात पिटाळलं. स्वतःचे फोटो लावायची कप्तानाला पहिल्यापासून हौस, इतकंच.

टेबलावर कप दोन आहेत, ठोंब्या. मी भिंग घेऊन पाहिलं. माणूस एक आणि कप दोन. दुसऱ्या कपातून वाफ निघतेय. म्हणजे कप्तान घरीच आहे. आत उभा राहून साखर शोधतोय. स्वयंपाकघर चित्राच्या चौकटीबाहेर पडलंय, म्हणून तो दिसत नाही.

तुझी
ताई