वाद्य खाली

मी, बुद्धरत्न सखाराम तांबे, वय अडुसष्ट, धंदा वादक, राहणार पोलादपूर, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घराच्या ओट्यावर बसून स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. स्मरणशक्ती गरजेपेक्षा जास्त ठिकाणावर आहे. फुफ्फुसं तेवढी गेली आहेत, आणि सॅक्सोफोन वाजवणाऱ्याची तीच गेल्यावर बाकी काय उरलं ते लिहायला फार कागद लागत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझी पत्नी नीला पाठीमागे उभी राहून वाचते आहे, पण त्याला कायद्यात दबाव म्हणत नाहीत असं वकील श्रुतिकाताईंनी सांगितलं आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, म्हणून रद्द करण्यासारखंही काही नाही.

कलम १. राहतं घर, मागचं परसू आणि बँकेत जे काही असेल ते सगळं नीला हिचं. आम्हांला मूलबाळ नाही. लग्नसराईत मी दुसऱ्यांच्या वरातीत आणि ती घरी, असा आमचा संसार झाला. तिने त्याबद्दल जेवढं बोलायला हवं होतं त्याच्या पावपटही ती बोललेली नाही. परसातल्या फणसावर शेजारचे लोक माझ्या मागे हक्क सांगतील. फांदी त्यांच्याकडे झुकली आहे, झाड नाही. नीलाने त्यांना दरवर्षी एक फणस द्यावा, मात्र शेजारधर्म म्हणून द्यावा, हक्क म्हणून नव्हे, आणि तो लिबलिबीत बरका निघाला तर त्यांचं नशीब.

कलम २. माझा चुलतभाऊ यशवंत याने माझ्या वाजवण्याला जन्मभर "पिपाणी" म्हटलं. त्याला जत्रेतली एक प्लॅस्टिकची पिपाणी माझ्या आठवणीसाठी घेऊन द्यावी. लाल रंगाची चालेल.

कलम ३. दोन स्पीकर, मिक्सर, माइक, स्टँड आणि केबलींची पेटी हे सर्व शुभमला. तो आमच्या क्वार्टेटमध्ये कीबोर्ड वाजवतो. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी, कारण आमच्यात वेळेवर येणारा तो एकटाच. आमच्या क्वार्टेटला गाव चौकडी म्हणतं. ड्रमवर वरंधचे भागोजी, बास गिटारवर तहसील कचेरीतला रितेश, कीबोर्डवर शुभम आणि सॅक्सोफोनवर मी. लग्नाचे बॅन्ड डीजेने बुडवले तेव्हा महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याला शनिवार-रविवारी जॅझ हवं होतं. मला ते भायखळ्याच्या एका गोवेकर म्हाताऱ्याने शिकवलं होतं. बाकीच्या तिघांना मी आंबेनळी घाटाच्या वळणांवर, टेम्पोत बसून शिकवलं. शिकवायचं म्हणजे काय, तर एकाने त्याला सुचेल तसं वाजवायचं आणि बाकीच्यांनी त्याला सोडायचं नाही.

भागोजी आणि रितेश यांना मी काही ठेवत नाही, कारण ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला वाटा देऊ नये असं श्रुतिकाताईंचं म्हणणं. वाटा की सही असं मी दोघांना विचारलं. दोघांनी सही मागितली.

कलम ४. आता "भर बाजारात" हा आमचा अल्बम. एकुलता एक. त्याचे हक्क करारानुसार माझ्या नावावर आहेत आणि ते मी शर्मिला रामा कासारे, शिक्षिका, राहणार महाड, हिच्या नावे करत आहे. असं का, ते लिहिणं मला भाग आहे, नाहीतर ती ते कागद परत पाठवील. लिहिल्यावरही पाठवील कदाचित.

शर्मिलाचे वडील रामा मास्तर यांचं महाडला बॅन्ड पथक होतं. आम्ही चौघेही वेगवेगळ्या वर्षी त्याच पथकात शिकलो. मला तर बाप लवकर गेल्यामुळे मास्तरांच्या घरीच ठेवलं होतं, आणि मास्तरांच्या पत्नी जानकीबाई यांनी मला वाढवलं. शर्मिला नंतर झाली, तिला मी खेळवलेलं आहे. मी सकाळी उठल्याउठल्या वाद्य हातात घेतलं की जानकीबाई चुलीपुढून ओरडायच्या, "आधी जेव रे मेल्या, मग फुक काय फुकायचं ते."

मास्तरांच्या पथकात एक शिस्त होती. वरात कितीही रंगात आलेली असो, समोरून तिरडी आली की मास्तर हात वर करून म्हणायचे, "वाद्य खाली." मग भोंग्यांची तोंडं जमिनीकडे, ढोलावर तळवा, आणि प्रेत पुढे जाईपर्यंत सगळे उभे. एकदा एका नवरदेवाच्या मामाने दमदाटी केली, मुहूर्त टळतोय म्हणून. मास्तर म्हणाले, "वरात काय, परत सुरू हुईल. त्या मान्साला परत ह्या रस्त्यानं यायचं नाय." शिस्त मोडणाऱ्याला मास्तर मारायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलवायचे नाहीत, एवढंच.

अल्बम आम्ही २०१६ च्या मे महिन्यात वाजवला. महाडच्या बाजारपेठेत एका हॉलच्या माडीवर, लोकांसमोर, एका बैठकीत. रेकॉर्डिंगची माणसं मुंबईहून आली होती. त्याच दुपारी निरोप आला की जानकीबाई गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नेणार होते. कार्यक्रम करू आणि तसेच रात्री घरी जाऊन बसू, असं आम्ही चौघांनी ठरवलं. तो निर्णय चौघांचा होता, तो मी एकट्याच्या डोक्यावर घेत नाही. उकाडा फार होता, म्हणून वडीलधाऱ्यांनी नंतर विचार बदलला आणि संध्याकाळीच न्यायचं ठरवलं. आमचे फोन रेकॉर्डिंगवाल्यांनी बंद करायला लावले होते.

उकाड्यामुळेच हॉलच्या खिडक्या उघड्या होत्या. माझं एकट्याचं वाजवणं नुकतं सुरू झालं होतं आणि तिघे मला धरून होते. भागोजींचं तोंड रस्त्याकडे. त्यांनी काठ्या मांडीवर ठेवल्या. रितेशने तारांवर तळवा ठेवला, शुभमने बोटं उचलली. कोणी कोणाला काही सांगितलं नाही. खालून "बुद्धं सरणं" ऐकू येत होतं. मी वळून पाहिलं. तिरडी दिसली, तिच्यामागे चालणारी शर्मिला दिसली.

मी वाजवत राहिलो.

माझे डोळे मिटलेले होते असं मी अल्बम निघाल्यावर मुंबईच्या एका मुलाखतीत म्हणालो. ते उघडे होते हे भागोजींनी पाहिलं, म्हणजे महाड-पोलादपुरात ते सर्वांना माहीत आहे. मुंबईला तेवढं माहीत नाही. मी गडबडलो नव्हतो. माणसं बसली होती, यंत्रं चालू होती, ही कारणं मी नीलाला सांगून पाहिली आणि तिने ऐकून घेतली. खरं कारण असं की सूर लागला होता. ज्याच्यासाठी आयुष्यभर फुंकत आलो ते त्या वेळी नळीतून आपसूक येत होतं आणि मला ते सोडवेना. खाली माझी आई चालली होती आणि वर मला सुख होत होतं. त्याची लाज मला अजून पुरते आहे.

तिघे थांबले आणि एकटा सॅक्सोफोन चालू राहिला, हाच भाग अल्बममध्ये सर्वांत नावाजला गेला. वेष्टनावर कोणीतरी छापलं आहे की, येथे साथीदार आपल्या ज्येष्ठ वादकाच्या सन्मानार्थ मौन पाळतात. मी ते छापण्याआधी वाचलं होतं. खोडलं नाही.

कलम ५. माझा सॅक्सोफोन, त्याची पेटी आणि दुरुस्तीचं सामान शर्मिलाला. मुळात तो तिच्या घरचाच आहे. मास्तर गेल्यावर जानकीबाईंनी तो भिंतीवरून काढून माझ्या हातात दिला होता. मी म्हटलं, "मी काय देऊ ह्याचं?" त्या म्हणाल्या, "माझ्या येळेला खांदा द्यायला ये म्हंजे झालं." मी तो खांदा दिला नाही. माझ्या खांद्यावर त्या वेळी सॅक्सोफोनचा पट्टा होता. शर्मिलाला नको असेल तर तो तिने कोणालाही द्यावा, फक्त शोभेला टांगणाऱ्याला देऊ नये.

कलम ६. त्या संध्याकाळचं न कापलेलं रेकॉर्डिंग नीलाच्या कपाटात डबीत ठेवलं आहे, तेही शर्मिलाला द्यावं. अल्बमचं काम चालू असताना रेकॉर्डिंगवाल्याचा मुंबईहून फोन आला, "तांबेसाहेब, खालून पब्लिकचा आवाज येतोय, साफ करून टाकू का?" मी हो म्हणालो. तो आवाज काय आहे हे मी त्याला सांगितलं असतं तर त्याने हात लावला नसता, भला माणूस होता. न कापलेल्या रेकॉर्डिंगात भागोजींनी काठ्या ठेवलेल्या ऐकू येतात. त्यानंतर माझ्या वाजवण्याच्या खाली ती सगळी माणसं बाजारातून जाताना ऐकू येतात, अगदी वळण घेईपर्यंत. जानकीबाईंची ती शेवटची वाट आहे आणि ती आमच्या कपाटात पडून राहिली, हे बरोबर नाही. मी जिवंतपणी नेऊन द्यायला हवी होती. दोनदा महाडच्या स्टँडपर्यंत गेलो आणि परतीच्या गाडीत बसलो.

कारण त्या संध्याकाळनंतर तिसऱ्या दिवशी मी शर्मिलाच्या घरी गेलो होतो तेव्हाचं बोलणं मला पुरलं आहे. ती रागावली नाही. चहा दिला. मग म्हणाली, "दादा, आयच्या मागनं चालले होते तर वरनं तुझा आवाज. मला वाटलं आता थांबंल, आता थांबंल. नदी आली तरी थांबला नाय."

मी म्हटलं, "चुकलं."

"तसं नाय. चांगलं वाजवत होतास. मी रडायचं सोडून ऐकत ऱ्हायले. त्याचा राग येतो मला." आणि कप उचलून आत गेली. त्यानंतर मी तिच्या दारात गेलो नाही आणि तिने बोलावलं नाही.

शर्मिला, हे कलम तुझ्यासाठी आहे म्हणून तुलाच लिहितो. अल्बमचं काय करायचं ते तू ठरव. तो भाग काढून टाक, सगळा अल्बम बंद कर, नाहीतर आयच्या वाटेसकट पुन्हा काढ. वेष्टनावरची ती ओळ मात्र काहीही झालं तरी खोडावी. ते माझ्या मानासाठी थांबले नव्हते. तुझ्याकडे मी माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि मेलेल्या माणसाने जिवंत माणसाला असं अडकवू नये.

कलम ७. माझ्या देहाबद्दल. मी पोलादपुरात गेलो तरी मला महाडला न्यावं आणि बाजारपेठेतून, त्याच हॉलखालून, नदीवर न्यावं. गाडीभाडं कलम १ मधून जाईल, नीलाने हो म्हटलं आहे. त्या वेळी त्या हॉलात, रस्त्यात किंवा कोणाच्या वरातीत जे वाद्य चालू असेल ते चालूच राहू द्यावं. कोणीही थांबू नये. मी ज्यांच्यासाठी थांबलो नाही त्यांच्या रस्त्याने जाताना माझ्यासाठी कोणी थांबावं, हा मान मला घेता येणार नाही. भागोजी, हे विशेषतः तुम्हांला लिहितो. त्या दिवशी तुम्ही कुठेही वाजवत असाल तर वाजवत राहावं. ही माझी शेवटची इच्छा समजावी आणि कायद्याने ती पाळावी.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, नीलाने मला मोठ्याने वाचून दाखवला, आणि तो बरोबर असल्याने साक्षीदारांसमोर सही करत आहे.

ठिकाण : पोलादपूर
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

(सही) बुद्धरत्न सखाराम तांबे

साक्षीदार १ : भागोजी विठू देशमुख, राहणार वरंध.
बुद्धरत्न यांनी माझ्यासमोर सही केली ती बघितली, म्हणून सही करतो. वकीलबाई म्हणतात, साक्षीदारानं मजकुरावर बोलायचं नसतं. तरी लिहितो. कलम ७ आमाला मान्य नाय. आमी थांबणार. ती शिस्त मास्तरांची हाय, त्यात तुझं काय चालायचं नाय.
(सही) भागोजी वि. देशमुख

साक्षीदार २ : रितेश अनंत साळवी, राहणार महाड.
वरीलप्रमाणे.
(सही) रितेश अ. साळवी