नरसोजीच्या कोटाचा रंग

हूटगळ्ळी, मैसूर
मंगळवार

प्रिय श्रीवत्स,

पोस्टाने पत्र आलं म्हणून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोनवर मी रागावले की तू ‘अक्का, मीटिंगमध्ये आहे’ म्हणतोस आणि मेसेज केला की नुसता अंगठा पाठवून मोकळा होतोस. आज मला तो अंगठा नको आहे. दुकानाला सुट्टी आहे, आप्पा जेवून आडवे झालेत, आणि माझ्या डोक्यात तीन आठवडे जे उकळतंय ते तू शेवटपर्यंत वाचावंस असं मला वाटतं. माझं मराठी तुझ्यासारखं पुण्याचं नाही. मध्येच कानडी घुसेल. तेवढं चालवून घे.

तुझं रविवारचं सदर, ‘घरी आणावेत असे सिनेमे’, मी पहिल्यापासून वाचते हे तुला माहीत आहे. तू ‘विकत घ्या’ म्हटलंस की मी विकत घेते. आमच्या इमारतीतली माणसं हसतात मला. आता डिस्क कोण घेतं, म्हणतात. नेटवरून आज आहे तो सिनेमा उद्या काढून टाकतात, डिस्क आपल्या कपाटात राहते, हे तुझंच वाक्य मी त्यांना ऐकवते आणि वर सांगते, माझा भाऊ लिहितो हे, मोठा जाणकार आहे. गेल्या महिन्यात तू चार नव्या डिस्क सांगितल्यास. दीपगृहावरची मी घेतली, ती खरंच सुंदर निघाली, फक्त त्यातली दिग्दर्शकाची दोन तासांची बडबड काही ऐकवली नाही. तीन बहिणींची घेतली, तिच्यात खालची अक्षरं इतकी बारीक की वाचता वाचता बहिणी रडून मोकळ्या होतात आणि आपण मागेच. तिसरीचं वेष्टन अजून फोडलेलं नाही. आणि चौथी ‘नरसोजीचा कोट’. तिच्याबद्दल तू लिहिलंस, ‘प्रत्येक चौकट नव्याने स्वच्छ केलेली, रंग एकोणचाळीस वर्षांपूर्वी होते तसेच. ही डिस्क डोळे झाकून घ्या.’

मी डोळे झाकून घेतली रे. पण तू लिहितानाही झाकूनच घेतले होतेस?

आठवत नसेल तर सांगते. राजवाड्याच्या बँडमधून निवृत्त झालेल्या म्हाताऱ्या नरसोजीची गोष्ट पडद्यावर आणायला ती मंडळी इथे मैसुरात आली, तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि तू नऊ. मुंबईहून आणलेले बँडचे कोट कॅमेऱ्यात भलतेच दिसायला लागले म्हणून कुणीतरी त्या मंडळींना बन्नीमंटपला आपल्या घरी, आप्पांकडे नवे कोट शिवायला पाठवलं. चोवीस कोट, सतरा दिवसांत. जांभळा रंग पडद्यावर निळा पडतो, असं त्यांच्या कॅमेरावाल्याने सांगितलं होतं. आप्पांनी मग त्यात लाली वाढवत वाढवत पाच वेळा कापड रंगवून पाहिलं. गच्चीवर हंडा चढवलेला, आई खालून ओरडतेय, आणि ओल्या ड्रिलच्या कापडाचं एक टोक आप्पांच्या हातात, दुसरं तुझ्या. पिळून पिळून तुझे तळहात आठ दिवस जांभळे होते. शाळेत मास्तरांनी विचारलं तर तू छाती काढून सांगितलंस, ‘आमच्या आप्पांनी सिनेमाचा रंग केलाय.’ मी तिथेच दारात उभी होते, तुझा डबा द्यायला आले होते. पाचव्या वेळचं कापड उन्हात धरून आप्पा म्हणाले होते, ‘हां. हा.’ एवढंच. त्याचा तुकडा त्यांनी मापाच्या वहीत टाचून ठेवला.

डिस्क आली त्या रविवारी मी घरात सण केला. आप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला. शेजारच्या रजनीला बोलावलं. ती सात वर्षांपूर्वी नाशिकहून इथे नोकरीला आली, तुझं सदर ती माझ्याआधी वाचते, आणि मी तुझी बहीण म्हणून मला दोन वाट्या आमटी जास्त मिळते. पडदे ओढले. बँड राजवाड्याच्या कमानीतून बाहेर आला. आणि सगळे कोट निळे.

थोडे नाही. पोलिसांच्या गाडीसारखे निळे. मी आधी टीव्हीची बटणं दाबून पाहिली. काही फरक नाही. माणसांच्या चेहऱ्यांना नारिंगी झाक, आभाळ हिरवट आणि कोट निळे. मध्यावर नरसोजीची बहीण पेटी उघडून म्हणते ना, ‘हा जांभळा कोट घालून तू माझ्या लग्नात वाजवलंस’, तेव्हाही तिच्या हातात निळा कोट. रजनी फसकन हसली, ‘अहो, जांभळा कुठंय?’ श्रीवत्स, नाशिकच्या मुलीला एका वाक्यात जे कळलं ते तुला कळलं नाही, याचा अर्थ तू सिनेमा पाहिलाच नाहीस. न पाहता लोकांना घ्यायला सांगितलंस. माझ्या दुकानात मी ब्लाउजला हात न लावता ‘झाला, घेऊन जा’ म्हणाले तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकेल.

 आप्पा संपेपर्यंत बसले. सुरुवातीच्या पाट्या नव्याने लिहिल्यात, त्यात त्यांचं नाव नव्हतं. शेवटी फक्त म्हणाले, ‘चांगला केलाय. स्वच्छ दिसतंय.’

दुसऱ्या दिवशी जयलक्ष्मीपुरमच्या दुकानात त्यांनी मला हाक मारली. हातात दोन रिळं. ‘वर्षिणी, यातलं मरून कोणतं गं?’ ब्याऐंशी वर्षांचा माणूस. कंबर वाकली, कात्री माझ्याकडे आली, पण दोऱ्याचा रंग आजही तेच जुळवतात. बायका साडी घेऊन आधी त्यांच्या पुढ्यात जातात. त्यांनी साठ वर्षांत कधी कुणाला रंग विचारला नव्हता. मी सांगितलं. त्यानंतर दिवसभर विचारत राहिले. बुधवारी रिळांचा डबा माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाले, ‘हे आता तू बघ. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझ्या डोळ्यांतला रंग गेलाय. कळलंच नाही मला.’

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ठिपक्यांची चित्रं दाखवली, दिवे दाखवले, आणि कानडीत म्हणाले, ‘अज्जा, तुमची नजर माझ्यापेक्षा बरी आहे.’ आप्पा मान हलवून बाहेर आले आणि रिक्षात बसल्यावर मला म्हणतात, ‘डॉक्टर म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून बोलतात.’ मी घरी येऊन वही काढली, टाचलेला तुकडा टीव्हीवर धरला, दाखवलं, हे बघा, हा जांभळा, तो निळा. तर म्हणाले, ‘तुकडा जुना आहे, रंग बदलला असेल. श्रीवत्साने लिहिलंय ना, होते तसेच आहेत म्हणून? तो उगीच लिहिणार नाही.’

कळतंय का तुला? स्वतःच्या डोळ्यांवर, डॉक्टरवर, हातातल्या कापडावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. तू न बघता खरडलेल्या एका ओळीवर ठेवला. त्या आठवड्यात ते दुकानात येऊन सुम्ने, नुसते बसून राहायचे, हात मांडीवर ठेवून. एक बाई साडी घेऊन पुढे आली तर त्यांनी बोटाने माझ्याकडे दाखवलं. त्या वेळी तू समोर असतास तर मी काय केलं असतं ते इथे लिहीत नाही.

मग मीच डिस्क काढणाऱ्या त्या बंगळूरच्या कंपनीला लिहिलं. तुकड्याचा फोटो उन्हात काढून पाठवला, बरोबर आप्पांचा कोटांबरोबरचा जुना फोटो. चैत्रा नावाच्या मुलीचा फोन आला, ती तिथे जुन्या सिनेमांचं काम बघते. तिने चूक लगेच कबूल केली हे तिचं मोठेपण. म्हणाली, मूळ प्रतीचा रंग उडालेला होता, रंगाला आधार काहीच नव्हता, म्हणून शूटिंगला हजर असलेल्या माणसाला आम्ही नमुना पाठवून विचारलं होतं. मी विचारलं, कुणाला? तिने तुझं नाव घेतलं. तू उत्तर पाठवलंस म्हणे, ‘परफेक्ट. अगदी आठवणीतले रंग.’

नऊ वर्षांचा असताना तुझ्या हातांना तो रंग लागला होता, श्रीवत्स. जगात चार माणसांना माहीत असेल तो रंग, त्यातला एक तू.

चैत्राने तुकडा मागवून घेतला. मी तो वहीतून काढून कुरिअर केला. बारा दिवसांनी तिने कमानीचा प्रसंग पुन्हा रंगवून पाठवला. मी आप्पांना काही न सांगता टीव्हीवर लावला. ते चहा पीत होते. कप खाली ठेवला, उठून अगदी पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, ‘हां. हा.’ मग माझ्याकडे वळून, ‘म्हणजे माझे डोळे बरे आहेत?’ मी म्हटलं, बरेच होते. दुसऱ्या दिवशी रिळांचा डबा मला न विचारता परत त्यांच्या टेबलावर गेला. नव्या प्रती आता या रंगात निघतील आणि पाट्यांत ‘वेशभूषा: वेंकोजीराव, मैसूर’ येईल. तुझ्या वाचकांना तू हे सांगशील की नाही, तुझं तू बघ. घेतलेली डिस्क बदलून मिळणार आहे, निदान तेवढं तरी लिही. त्या बिचाऱ्यांनी तुझ्या शब्दावर घेतली आहे.

इथपर्यंत मी रंगाचंच भांडतेय. रंगाचं भांडण सोपं आहे. दुसरं लिहायला धीर होत नाही.

डिस्कबरोबर ती छोटी पुस्तिका आहे ना, तिच्यात तुझा लेख आहे. आप्पांना छापील मराठी सलग वाचवत नाही, आमची शाळा सगळी कानडी. म्हणून त्या रविवारी सिनेमा संपल्यावर रजनीने मोठ्याने वाचून दाखवला. किती छान वाचते ती. आप्पा कानामागे हात धरून ऐकत होते, मधूनमधून मला खूण करत होते, बघ कसं लिहितो. आणि मग ते वाक्य आलं: ‘लहानपणी आमच्या ओळखीतले एक शिंपी मला या सिनेमाचं शूटिंग दाखवायला घेऊन गेले होते.’

रजनीला काय कल्पना? तिने पान खाली घेऊन हसत विचारलं, ‘आजोबा, म्हणजे ते तुम्हीच का?’

आप्पा म्हणाले, ‘हौदु, हो. ओळखीतलाच.’

मी चहा करायला आत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. पुण्यात तू काय सांगतोस, वडील काय करायचे म्हणून, ते मी कधी विचारलं नाही. तुझ्या लग्नात आप्पांची ओळख ‘मैसूरला कापडाचा व्यवसाय’ अशी करून दिलीस, तेव्हा मी मनाशी म्हटलं, असू दे, सासरची माणसं नवी आहेत. तुझ्या घराच्या वास्तुशांतीला त्यांनी शिवून आणलेला कोट तू कपाटात टांगलास आणि दुकानातला घातलास, तेव्हाही म्हटलं, असू दे. दरवेळी तुझ्यासाठी कारण मीच शोधलं. या वाक्याला मला कारण सापडत नाही. घाईत चुकतं ते वेगळं. हे तू बसून, शब्द निवडून लिहिलंस. आणि आप्पांनी एका क्षणात ते समजून घेऊन तुझी बाजू सांभाळली, परक्या मुलीसमोर, स्वतःला ओळखीतला म्हणवून. म्हणून मला तुझा इतका राग येतो. त्यांना यायला हवा होता तोही मलाच येतो.

आता हे पत्र आजच का, ते. येत्या बुधवारी, म्हणजे उद्याच्या नव्हे, त्याच्या पुढच्या, चैत्रा कॅमेरा घेऊन दुकानात येतेय. नव्या डिस्कमध्ये आप्पांची वीस मिनिटांची मुलाखत घालायची आहे. तिने प्रश्न आधीच लिहून पाठवलेत. त्यातला एक असा: त्या दिवसांत घरातलं कुणी मदतीला होतं का? काल संध्याकाळी आप्पा तो कागद घेऊन माझ्याजवळ बसले. गच्ची, हंडा, आई, सगळं सांगितलं. मग कागदाची घडी घातली. म्हणाले, ‘वर्षिणी, कापडाचं दुसरं टोक श्रीवत्साने धरलं होतं. त्याचं नाव घेतलं तर त्याला चालेल का गं? विचारून बघ. नको म्हणाला तर मी शेजारचा पोरगा म्हणेन.’ मी त्यांना उत्तर दिलेलं नाही आणि देणारही नाही. सकाळी दहा ते एक ते दुकानात असतात, दुकानाचा नंबर बदललेला नाही. फोन तेच उचलतात.

तुझीच,
वर्षिणी अक्का